मास्तरांनी तोंड बांधलं

शांतवन रणदिवे मास्तरांची एक खोड होती. गाणं बिघडलं की ते चिडायचे नाहीत, का बिघडलं ते हुडकत बसायचे. हयात एसटीच्या वर्कशॉपात गेलेली. खडखड कुठून येते हे कळल्याशिवाय गाडी सोडतील तर शपथ! निवृत्त झाल्यावर ते धाराशिवच्या लहानशा चर्चमधल्या गायकमंडळाचे मास्तर झाले आणि ही खोड मंडळाच्या वाट्याला आली.

मास्तरांना कान थकायच्या आत एकच गोष्ट ऐकायची होती. लहानपणी मिशनच्या बोर्डिंगात ऐकलेलं चार सुरांचं गीत. बायांचे दोन सूर, पुरुषांचे दोन, चौघांच्या चार वाटा आणि शेवटी सगळे एकाच अंगणात. चर्चच्या पंचांनी निक्षून सांगितलेलं, यंदाच्या ईस्टरला जमलं तर जमलं, नाहीतर पुढल्या वर्षापासून रेकॉर्ड केलेली गाणी स्पीकरवर!

सगळ्यात खालचा सूर चर्चमध्ये कुणाकडेच नव्हता. म्हणून मास्तरांनी शेजारच्या बिभीषणआण्णांना गळ घातली. आण्णा मारुतीच्या देवळातले जुने टाळकरी, आवाज असा की तावदानं थरथरावीत. एकटे गायले की सूर चोख. पण सगळ्यांत उभे केले की, मास्तर समोरून हातानं सूर दाखवत असले तरी, तिसऱ्या ओळीला गडी हमखास बायांच्या चालीत!

"आण्णा, सूर सोडून कुठं निघालात?"

"देवाशप्पथ मास्तर, म्या न्हाय जात. कोणतरी वढून नेतंय!"

कोण ओढतंय? मास्तरांना चैन पडेना. पेटी तपासली, जागा बदलल्या, बायांची चाल गाणाऱ्या आपल्या बायकोला, एस्तेरबाईंना, पार दाराशी उभं केलं. आण्णा आपले तिसऱ्या ओळीला गेलेच. शेवटी शनिवारी मास्तर मारुतीच्या देवळात जाऊन भजन ऐकत बसले. बुवांनी अभंग उचलला. टाळकऱ्यांचे हात टाळात गुंतलेले, डोळे मात्र सगळ्यांचे बुवांच्या तोंडावर. बुवा वर गेले की सगळे वर. तिथं हाताकडं बघतो कोण? मास्तर ताडकन उठले. बायांच्या चालीतली तिसरी ओळ म्हणजे त्यांचा स्वतःचाच जीव की प्राण!

घरी आल्याआल्या त्यांनी विचारलं, "अगं, तिसऱ्या ओळीला मी गातो का?"

"व्हय की! चांगलं मोठ्यानं गाता," एस्तेरबाई म्हणाल्या. "मला वाटलं, तुम्हाला ठाऊक हाय."

पुढच्या सरावाला मास्तरांनी गप्प राहून बघितलं; ओठ काही ऐकेनात. मग ईस्टरच्या सकाळी ते करोनातला जुना मास्क लावून उभे राहिले.

"आगं बया, परत आला का काय त्यो?" मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं आणि सगळं चर्च हसलं.

गाणं सुरू झालं. तिसरी ओळ आली. आण्णांनी सवयीनं मास्तरांच्या तोंडाकडं बघितलं. तिथं नुसतं कापड! क्षणभर बावरले, मग त्यांची नजर मास्तरांच्या हातावर आली आणि खालचा सूर जागेवर राहिला. मास्तरांचा गळा गाण्यासाठी नुसता तळमळत होता. त्यांनी दात आवळून धरले. चारी वाटा आपापल्या चालल्या आणि शेवटच्या ओळीला एका अंगणात आल्या. मास्तरांना रडू फुटलं.

बाहेर आल्यावर आण्णा हळहळले, "मास्तर, इतकी वर्सं जिवाला लावून घेतलं आन् आज तुमीच गायला न्हाईत!"

मास्तरांनी ओला मास्क खाली ओढला. "आजवर गातच होतो, आण्णा. ऐकलं आज."

"मग पुढल्या साली बी तोंड बांधा," आण्णा म्हणाले. "म्या येतो."