चुकीच्या शेतातला ब्रोच

आयव्हर थर्टलला जमिनीतून काही सापडलं की पहिला प्रश्न पडायचा, हे कोणाचं? कितीचं, हा प्रश्न धातू शोधणाऱ्यांच्या क्लबातले दोस्त विचारायचे. आयव्हर एखादं काळवंडलेलं बटण तळहातावर घेऊन वाऱ्यात उभा राहायचा आणि ते तुटलं त्या संध्याकाळी कोटाच्या मालकाला घरी बोलणी बसली असतील का, याचा विचार करायचा. एकदा त्याला चांदीच्या पेनीचा चतकोर सापडला. आठशे वर्षांपूर्वी सुटे नसले की लोक नाणंच कापून त्याचे चार तुकडे करत. मग पुढचे तीन रविवार आयव्हर लार्टर नावाच्या शेतकऱ्याच्या त्याच जमिनीवर यंत्र फिरवत राहिला, उरलेले तीन चतकोर शोधत.

"अरे, ज्याने कापलं त्याने चार जणांना द्यायला कापलं ना?" बायको बेरिल म्हणाली. "ते चौघंही लार्टरच्याच शेतात कशाला धडपडतील?"

आयव्हरला हे पटलं. पण चौथ्या रविवारीही तो गेलाच.

नॉरफोकमधल्या हेसिंगम गावचा हा माणूस. बिटाच्या साखर कारखान्यात फिटर म्हणून चाळीस वर्षं काढली आणि त्यातली बहुतेक सुट्टी शेतांतून मान खाली घालून चालण्यात घालवली. हातात जमिनीतला धातू हुडकणारा डिटेक्टर, कानांवर हेडफोन, पाठीला चहाचा थर्मास आणि चीज-लोणच्याची सँडविचेस. पीक निघाल्यापासून पुढची पेरणी होईपर्यंत त्याचं राज्य. दहा वेळा यंत्र वाजलं तर नऊ वेळा ट्रॅक्टरचा नट, बिअरच्या डब्याची कडी नाहीतर शिशाची गोळी. दहाव्या वेळेसाठी हे सगळे वेडे पावसाळी थंडीत फिरतात, आणि दहावी वेळ आली की शहाण्यासारखे गप्प बसतात.

आयव्हरचे नियम कडक होते. शेतकऱ्याची लेखी परवानगी हवी. हिरवळीचा चौकोन फावड्याने नीट कापून उचलायचा, खाली शोधायचं, आणि जाताना तो असा परत बसवायचा की गाईलाही कळू नये. सापडलेली प्रत्येक वस्तू संग्रहालयात दाखवायची आणि नकाशावर जागा सांगायची. क्लबात नवीन कोणी आला की आयव्हर त्याला सुनवायचा, "जागा सांगितली नाहीस ना, तर तू इतिहास नाही, भंगार गोळा करतोयस." पस्तीस वर्षांत त्याने चारशे बारा नोंदी केल्या होत्या. संग्रहालयातली मंडळी नवशिक्यांना त्याचे कागद नमुना म्हणून दाखवत. त्या चारशे बारांपैकी चारशे अकरा खऱ्या होत्या.

उरलेली एक अशी. तीस वर्षांपूर्वी, ऑक्टोबरातल्या एका सकाळी, लार्टरच्या पायटलमध्ये यंत्र वाजलं. पायटल म्हणजे गल्लीच्या कडेचा शेताचा लहानसा तुकडा. त्याला नांगर कधी लागला नव्हता, तिथे लार्टरची घोडी चरायची. आयव्हरने चौकोन कापला आणि कोपरभर खाली मातीत सोन्याचा मुलामा चमकला. इंग्लंडातल्या जुन्या सॅक्सन टोळ्यांतल्या बाईच्या खांद्यावर वस्त्र अडकवायचा ब्रोच, दीड हजार वर्षांचा. त्यावर वळणावळणाचं जनावर कोरलेलं. त्याचं शेपूट कुठे संपतं आणि पाय कुठे सुरू होतात ते कळत नव्हतं. आयव्हर ओल्या गवतात गुडघ्यांवर बसून राहिला. असा ब्रोच कोणी रस्त्याने जाताना सांडत नाही. तो बाईबरोबर पुरलेला असतो. म्हणजे खाली बाई होती.

त्याने चौकोन बसवला, पायाने दाबला आणि घरी आला. संग्रहालयात मात्र त्याने गल्लीच्या पलीकडचं शेत सांगितलं, ज्याला सगळे दहा एकरी म्हणत.

विचारलं तर कारण तयार होतं. त्या वर्षी रातचोरांनी उच्छाद मांडला होता. कुठे काही सापडल्याची कुणकुण लागली की हे लोक अंधारात यंत्रं घेऊन यायचे आणि डुकरांनी उकरावं तशी जमीन उकरून जायचे. जागा खरी सांगितली तर बाईची चाळण होईल, तेव्हा तूर्त खोटी सांगू, गवगवा संपला की दुरुस्त करू. कारण खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. आयव्हरला ती जागा स्वतःसाठीही हवी होती. तिथे काय आहे हे जगात फक्त आपल्याला ठाऊक आहे, याची त्याला गोडी लागली होती.

आणि खोटं एकटं राहत नाही. दहा एकरीत वाळूसर माती, पायटलमध्ये चिकण. ब्रोचच्या खाचांत ती राखाडी चिकणमाती घट्ट बसलेली. तेव्हा आयव्हरने, जो दुसऱ्यांना नाणं अंगठ्याने पुसलं तरी ओरडायचा, तो ब्रोच स्वयंपाकघरातल्या नळाखाली दात घासायच्या ब्रशने धुतला.

संग्रहालयातल्या जोन कॅचपोलबाई त्यावरून त्याला खूप बोलल्या. बाई तेव्हा पन्नाशीच्या, उत्खननातल्या जाणत्या. हेसिंगमला सॅक्सनांची दफनभूमी असणार असं त्या दहा वर्षं सांगत होत्या आणि वरिष्ठ हसण्यावारी नेत होते. ब्रोच आला आणि बाईंनी हट्टाने मंजुरी मिळवून दहा एकरीत दोन आठवडे खोदकाम लावलं. आयव्हर रोज थर्मास घेऊन बांधावर उभा राहायचा. चुकीच्या शेतात बारा माणसं माती चाळताहेत आणि खरी जागा पाठीमागे, गल्लीपलीकडे, घोडीच्या पायाखाली. रोज घरून ठरवून निघायचा की आज सांगू. रोज कोणीतरी म्हणायचं, "थर्टल, तू होतास म्हणून हे झालं," आणि मग त्याची जीभ उचलायची नाही. पंधराव्या दिवशी खड्डे बुजले. डोंगर पोखरला की निदान उंदीर तरी निघतो, इथे तोही निघाला नाही. अहवालात लिहिलं गेलं की ब्रोच एकटाच पडलेला असावा, आसपास दफनं नाहीत. कॅचपोलबाईंनी त्यानंतर खोदकाम सोडलं आणि तळघरात खापरांना क्रमांक घालत निवृत्त झाल्या.

आयव्हरला शिक्षा झाली ती त्याच्याच स्वभावाची. पायटलमध्ये पुन्हा यंत्र लावायची सोय उरली नाही. काही निघालं तर खोटं उघडं पडणार. ब्रोच जोडीने वापरत हे त्याने पुस्तकात वाचलं. मग दुसरा तिथे असेल का? बाई तरुण होती की म्हातारी? एकटी होती की शेजारीपाजारी आणखी कोणी? बटणाच्या मालकासाठी झोप घालवणारा हा माणूस तीस वर्षं त्या गल्लीतून सायकलने जाताना मान दुसरीकडे वळवत राहिला.

यंदा मार्चमध्ये पायटलच्या फाटकावर बांधकामाच्या सूचनेचा पिवळा कागद लागला. म्हाताऱ्या लार्टरचा मुलगा रॉजर त्या तुकड्यावर आठ घरं बांधणार होता. आयव्हर सायकलवरून उतरला आणि कागद दोनदा वाचला. रॉजर फाटकाशीच होता.

"संग्रहालयवाले खोदून बघणार असतील ना आधी?" आयव्हरने विचारलं.

"कशाला? तुझ्याच ब्रोचची कृपा," रॉजर हसून म्हणाला. "समोर दोन आठवडे खोदलं, हाती भोपळा. नोंदीत स्पष्ट लिहिलंय, इथे काही नाही. तीन आठवड्यांत पाया घालतो. तुला एक बिअर माझ्याकडून."

आयव्हर घरी आला. जेवणाच्या टेबलावर बटाटे आणि वाटाणे निवत पडले.

"पोटात दुखतंय का?" बेरिलने विचारलं.

"बेरिल, तो ब्रोच दहा एकरीत नव्हता मिळाला."

"माहितेय मला. पायटलमध्ये मिळाला," बेरिल म्हणाली आणि मीठ पुढे केलं.

"तुला कसं माहीत?" आयव्हरने विचारलं.

"त्या दिवशीची तुझी पँट कोणी धुतली? गुडघ्यांना ही एवढी राखाडी चिकणमाती. वाळूचे डाग दोन पाण्यांत जातात, ते आठवडाभर गेले नाहीत. मला वाटलं, आज सांगेल, उद्या सांगेल. मग म्हटलं, जाऊ दे, खाई त्याला खवखवे. खवखवायला तुला तीस वर्षं लागली."

"सांगितलं तर सगळंच जाईल गं. एक खोटी निघाली की चारशे अकरांवर कोण विश्वास ठेवणार?"

"कोणीच नाही ठेवणार," बेरिल म्हणाली. ती त्याला खोटा धीर देणाऱ्यातली नव्हती. "पण नाही सांगितलंस तर ती बाई कोणाच्या तरी न्हाणीघराखाली जाईल, आणि मग तू मला रोज रात्री विचारशील की ती कोण होती. तेवढं मला सोसायचं नाही."

दुसऱ्या दिवशी आयव्हर नॉरिचच्या संग्रहालयात गेला. नोंदी ठेवायला आता टॅम्सिन ब्रे नावाची तिशीतली पोरगी होती. तिने सगळं शांतपणे ऐकलं आणि नकाशा पुढे केला. आयव्हरने पायटलच्या तिळाएवढ्या ठिपक्यावर पेन्सिल टेकवली.

"काका, पुढे काय होणार ते तुम्हाला ठाऊक आहे ना?" ती म्हणाली.

"सांग तरी."

"काम थांबवायला मी आजच लिहिते. पण तुमच्या सगळ्या नोंदींपुढे मला 'जागा अनिश्चित' असं घालावं लागेल. एकूण एक. मला आवडत नाहीये, पण दुसरा मार्ग नाही."

"बाकीच्या खऱ्या आहेत."

"असतील. पण मला ते कळणार कसं?"

चतकोर पेनी, बटणं, शिशाच्या गोळ्या, पस्तीस वर्षांचे रविवार, सगळे एका दुपारी कुठलेच राहिले नाहीत. क्लबाने दोन ओळींचं पत्र पाठवून त्याचं नाव काढलं. रॉजरने ओळख सोडली. आयव्हरला फार वाईट वाटलं, आणि लाज तर इतकी वाटली की तो महिनाभर पावसुद्धा बेरिललाच आणायला लावायचा.

मे महिन्यात पायटल उघडलं. टॅम्सिनने निरोप धाडला की यायचं तर या. आयव्हर गेला आणि फाटकाशीच थबकला, कारण आत चाकाच्या खुर्चीत कॅचपोलबाई बसल्या होत्या. ऐंशी उलटलेल्या, गुडघ्यांवर घोंगडी, डोक्यावर उत्खननातली जुनी टोपी. नऊ कबरी लागल्या होत्या आणि दहावी उघडत होती.

"या, मिस्टर थर्टल," बाई मागे न बघता म्हणाल्या. "तुमची सायकल अजून तशीच कुरकुरते."

तो जाऊन बाजूला उभा राहिला. टॅम्सिन खड्ड्यात गुडघ्यांवर बसून ब्रशने माती सारत होती. हाडं चिकणमातीत विरून नुसती पिवळट छटा उरली होती. दात मात्र शाबूत होते, लहान आणि अजिबात न झिजलेले. कबरीतली बाई म्हणजे पोरगीच होती, सोळा-सतरा वर्षांची. तिच्या डाव्या खांद्यापाशी मातीत एक गडद चौकोन दिसत होता, चारही कडा काटकोनात. आयव्हरने तीस वर्षांपूर्वी कापलेला आणि परत बसवलेला तो खड्डा. आणि उजव्या खांद्यावर, त्या चौकोनापासून वीतभर अंतरावर, दुसरा ब्रोच पडला होता.

"काय सुबक बुजवलंय," कॅचपोलबाई म्हणाल्या. "ब्रोच धुतलात म्हणून मी तुम्हाला अडाणी म्हटलं होतं. ते परत घेते. अडाणी माणसाला एवढं सुचलं नसतं."

"बाई, मी..."

"माझं होऊ द्या. त्या पंधरा दिवसांनंतर मी ठरवलं की मला जमीन वाचता येत नाही. लोक हसले त्याचं काही नव्हतं, लोक हसतातच. पण माझाच माझ्यावर विश्वास राहिला नाही. कुठेही खोदायला बोलावलं की वाटायचं, मला दिसतंय ते तिथे नसणार. निवृत्त होईपर्यंत मी तळघरात बसले, मिस्टर थर्टल. आणि मी बरोबर होते."

आयव्हर रडायला लागला. सत्तरीचा माणूस, सगळ्यांदेखत, बाहीने नाक पुसत. माफ करा, एवढेच दोन शब्द त्याच्या तोंडून कसेबसे निघाले.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खाली टॅम्सिनच्या ब्रशखाली मुलीच्या मनगटापाशी काहीतरी उगवत होतं, हिरवट आणि गोल.

"माफीचं मी बघेन. होईलच असं सांगत नाही," त्या म्हणाल्या आणि खुर्चीत पुढे वाकल्या. "आधी मला पुढे ढकला. तिच्या हातात काय आहे ते इथून दिसत नाही."

आयव्हरने खुर्चीचा ब्रेक सोडला आणि ती खड्ड्याच्या अगदी काठाला नेली. मग तोही बाईंशेजारी गुडघ्यांवर बसला, आणि दोघं वाकून खाली बघू लागली.