नलिनीची रजा

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — खरं तर मलाही नीट ठाऊक नाही.

रत्नागिरीतून आमचा जिल्हा वेगळा झाला, त्यानंतरच्या वर्षांतली गोष्ट. मी मालवणात एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होतो. रत्नागिरीहून जुन्या दप्तरांचे गठ्ठे यायचे. ते लावायचे, याद्या करायच्या, नकला टाइप करायच्या. काम पुष्कळ होतं, पण माणसाला मारील इतकं नव्हतं. मग नवे साहेब आले. त्यांनी व्हरांड्यात एक फळा लावला. काल कचेरीतून सगळ्यांत शेवटी कोण गेला, त्याचं नाव रोज सकाळी त्यावर खडूने लिहायचं. म्हणजे निष्ठा दिसते, असं त्यांचं म्हणणं.

फळ्यावर बहुतेक माझंच नाव असे. लोक म्हणत, अण्णा म्हणजे कामाला वाघ. बारा वर्षांत एक रजा नाही! आता खरं सांगतो — दिवसभर मी करायचो काय? फाइल उघडायची, चहा मागवायचा, फाइल मिटायची. पाच वाजले की कपाळाला आठ्या घालून बसायचं. सात वाजता साहेबांच्या खोलीवरून जाताना जरा खोकायचं. एवढंच.

आणि काम? काम नलिनी करायची.

नलिनी परब आमची टायपिस्ट. लग्न झालेलं नव्हतं, घरी म्हातारी आई, दोघींचं तिच्याच पगारावर चालायचं. हात असा चालायचा की साडेचारला टेबल साफ. पाचला पर्स उचलून घरी. साहजिकच तिचं नाव फळ्यावर कधीच नाही. एकदा साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "काहींना घड्याळ फार लवकर दिसतं." ती लाल झाली. त्या दिवसापासून ती थांबायला लागली. थांबायची तर काम हवं — म्हणून मी माझं दिलं. याद्या दिल्या, मसुदे दिले, पुढे पुढे शेरेसुद्धा तीच लिहायची, मी सही करायचो.

वर्षभरात ती उतरली. मनगटं सुजायची, ती पट्टी बांधून टाइप करायची. एका दुपारी मी तिच्या यंत्रावरचा कागद पाहिला. पानभर एकच ओळ. वरपासून खालपर्यंत तीच ओळ, आणि तिला पत्ता नाही. मी काय केलं? कागद काढला, नवा लावला आणि म्हटलं, "परत घे गो."

मग एक दिवस ती माझ्या टेबलाशी आली. हातात अर्ज, त्याला डॉक्टरांची चिठ्ठी टाचलेली.

"अण्णानू, माका पंधरा दिवस रजा व्हयी. झोपच येणा नाय. सायबांका तुमीच सांगा."

अर्ज माझ्यामार्फतच जायचे. मी मान हलवली. आणि — इथे मी नेहमी अडखळतो — मी मनात हिशेब केला. पंधरा दिवस ती नाही, म्हणजे पंधरा दिवसांत सगळ्यांना कळणार, अण्णाचं टेबल कोण चालवतं. अर्ज मी खिशात घातला, घरी नेला आणि न्हाणीच्या चुलीत टाकला.

दोन दिवसांनी तिने विचारलं. मी म्हटलं, "मी लय सांगलंय गो. सायब आयकाकच तयार नाय." वर आणखी म्हटलं — आणि हे मला कोणी म्हणायला लावलं नव्हतं — "आमी काय दमणव नाय?"

ती परत यंत्रापाशी गेली. तीन महिने तशीच बसली. मग राजीनामा दिला. सरकारी नोकरीचा राजीनामा, त्या काळात! तोही माझ्याच हातात आला. तो मात्र मी त्याच दिवशी साहेबांच्या टेबलावर ठेवला.

साहेबांनी चष्मा काढला. "आजारी होती तर रजा मागायची. मी नाही म्हटलं असतं का?"

म्हटलं नसतं हो. फळा लावणारा माणूस होता, पण वाईट नव्हता. मी म्हटलं, "आजकालच्या मुलींना नेट नाही, साहेब."

त्या वर्षी मला आदर्श कर्मचारी म्हणून शाल-श्रीफळ मिळालं. मी भाषणही केलं. विषय होता श्रम.

पाच-सहा वर्षांनी एका लग्नाला शिरोड्याला गेलो होतो. मांडवात नलिनी दिसली. आई वारली होती. ती भावाकडे राहत होती. वहिनी तिला नावाने हाक मारून कामं सांगत होती आणि ती उठत होती. मला पाहिलं तशी लगबगीने आली, खुर्ची दिली, सोलकढीचा पेला आणला. दोन्ही हातांनी धरून आणला — एका हाताने तिला पेलत नव्हता.

"अण्णानू," ती म्हणाली, "तुमी माज्यासाठी सायबांकडे शब्द टाकलात, ता मी इसारलंय नाय. तेवढा कोण करता?"

मी पेला घेतला. म्हटलं, "तेत काय मोठा?"

आणि सोलकढी प्यालो. चांगली झाली होती. मी आणखी मागितली, आणि ती आणायला गेली.