दोन खुर्च्या आणि विमानाचा रंग

“मला नका विचारू, कापडाला विचारा,” असं टाकेवाल्या काकू दिवसातून दहा वेळा म्हणायच्या. धोब्याला म्हणायच्या, जावेला म्हणायच्या, आणि एकदा तर ताप मोजायला आलेल्या नर्सलाही म्हणाल्या होत्या.

काकूंचं अर्धं आयुष्य तंबू शिवण्यात गेलं आणि उरलेलं विमानांना कपडे घालण्यात. ऐकणारा हसायचा. मग काकू त्याला छोट्या धावपट्टीच्या कडेला असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन उभं करायच्या. तिथं लाकडी घोड्यांवर जुन्या विमानाचा पंख आडवा पडलेला असे. आत बारीक फासळ्यांचा सांगाडा, वर ताणलेलं कापड. काकू ते आधी डिंकानं कडांना चिकटवत, मग मोजून तापवलेली इस्त्री हळूहळू फिरवत. कापड आक्रसत जाई आणि टिचकी मारली की डफासारखं वाजे. त्यानंतर हातभर लांब सुईनं ते फासळीफासळीला शिवायचं, दर चार बोटांवर एक गाठ. अशी गाठ त्यांच्याइतकी सारखी दुसरं कुणी मारत नसे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं आणि दुसऱ्यांनाही त्या ते विसरू देत नसत.

त्या वर्षी शेडमध्ये दातांच्या डॉक्टरांचं विमान होतं. दोन माणसांचं, डॉक्टरांपेक्षा वयानं मोठं. दोन्ही पंख शिवून झाले होते, अकरा महिन्यांचं काम. आता फक्त रंग राहिला होता आणि भांडण तिथंच होतं.

काकूंचं म्हणणं, डिंकापासून शेवटच्या हातापर्यंत सगळे डबे एकाच जातीचे हवेत. पहिला हात कापडात मुरणारा, दुसरा ऊन अडवणारा चंदेरी, वर मऊ लाल रंग. त्याला चमक बेताचीच. काकूंचा धाकटा दीर गाड्या रंगवायचा. त्याला वाटे, वरून गाड्यांचा कडक रंग मारावा, आरशासारखा.

“वहिनी, आजवर शेकडो गाड्यांना मारलाय. एकीनंही तक्रार केली नाही.”

“गाड्या पत्र्याच्या असतात, भावोजी. आणि त्यांना तोंड नसतं.”

“मला आरसाच हवा,” डॉक्टर म्हणाले. “चाळीस वर्षं लोकांचे पिवळे दात बघितलेत. आता काहीतरी चमकणारं बघू दे.”

काकूंना जुनं प्रकरण आठवलं. चार वर्षांपूर्वी असाच एक मालक हटून बसला होता. पंख हवेत वाकतो, कापड त्याच्याबरोबर वाकतं. तो कडक रंग वाकला नाही, तडकला. तड्यांतून ऊन आत गेलं, कापड कुजलं आणि सगळं फाडून काढावं लागलं. काकूंनी स्वतःच्या गाठी स्वतःच्या कात्रीनं कापल्या. नंतर तीन दिवस त्या घरात कुणाशी बोलल्या नाहीत. दीर म्हणतो, घराला तेवढीच विश्रांती मिळाली. पण काकूंच्या कानावर पडणार नाही हे बघूनच म्हणतो.

इंजिन दुरुस्त होऊन यायला तीन महिने होते. “तोवर ठरवू,” डॉक्टर म्हणाले.

काकूंनी दोन चौकटींवर तेच कापड ताणलं. एक आपल्या पद्धतीनं रंगवली, दुसरीवर दिराकडून त्याचा सर्वांत भारी रंग मारून घेतला. “नमुने आहेत, ठेवून देते,” म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात शेडमध्ये चहाच्या वेळेसाठी दोन नव्या खुर्च्या आल्या, बसायच्या जागी घट्ट निळ्या खोळी शिवलेल्या.

“पाठीला बरं वाटतं हो,” डॉक्टर म्हणाले. त्यांना बसल्या बसल्या पाय हलवायची सवय होती.

“वहिनींना कधी नव्हे ती आमची काळजी,” असं म्हणून दिरानं आपलं दोन पोत्यांचं वजन दुसऱ्या खुर्चीत सोडलं.

“काळजी आहेच,” काकू म्हणाल्या. “नीट टेकून बसा. हला जरा.”

इंजिन आलं त्या सकाळी काकूंनी दोघांना खुर्च्यांवरून उठवलं आणि खोळी उसवल्या. आतून नमुन्याच्या त्या दोन चौकटी निघाल्या.

दीर वाकून बघत राहिला. “हा तर माझा रंग.”

“तुमचाच. तुमच्याच बुडाखाली होता.”

त्यांनी शेडची दारं लोटली आणि पेटता दिवा त्या चौकटीच्या मागे धरला. लाल रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या उजेडाच्या रेघा उमटल्या. मग दुसरी चौकट धरली. ती थोडी सैल पडली होती, कोपऱ्यावर चहाचा डाग होता, दिसायला अगदी सामान्य. पण उजेडाचा एक ठिपकाही बाहेर आला नाही.

“माझं वजन बघा ना, वहिनी. हा काय न्याय झाला?”

“दर शनिवारी चौकटी बदलल्यात मी. दोघांनी दोन्हींवर सारखंच वजन टाकलंय.”

डॉक्टर इतके हसले की त्यांना पुन्हा बसावंसं वाटलं, पण बसायला काही उरलं नव्हतं. हसू ओसरल्यावर ते जरा हिरमुसून म्हणाले, “म्हणजे चमक गेलीच.”

“फार चमकणारे दात खोटे असतात, असं तुम्हीच पेशंटना सांगता ना?”

डॉक्टरांनी हात जोडले. “एकाच जातीचे डबे आणा.”

दीर मात्र तोंड फिरवून उभा होता. “मग रंग पण तुम्हीच मारा.”

“मला सुई येते. फवारा तुमच्याइतका एकसारखा कुणाच्या हातून पडतो?”

“तोंडदेखलं बोलू नका.”

“तोंडदेखलं बोलायचं असतं तर तीन महिने असा खटाटोप केला असता का मी?”

दुसऱ्या दिवशी दीर फवाऱ्याची बंदूक धुऊन पुसून सगळ्यांच्या आधी शेडमध्ये हजर होता.

काकूंनी पंखावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तळवा फिरवला. एकेक गाठ बोटांखालून गेली. आता ती पुन्हा कुणाला दिसणार नव्हती. रंगाखाली गाठी बुडताना त्यांना बघवत नसे, आणि हे त्या कबूल करत नसत.

“मला घरी कामं आहेत,” म्हणाल्या, आणि पिशवी काखेत मारून गवतातून चालू लागल्या. डॉक्टरांनी दोनदा विचारलं, सुरू करायचं का. दिराच्या हातात भरलेली बंदूक तशीच होती. काकू कुंपणापाशी पोहोचल्या, वळल्या नाहीत, आणि त्या दिसेनाशा होईपर्यंत त्यानं चाप ओढला नाही.