दत्ताचा डावा हात

माझं पहिलं पोस्टिंग दापोडीजवळच्या एका ट्रेनिंग बटालियनमध्ये झालं. रँक कॅप्टन, काम मेडिकल ऑफिसरचं. रोज सकाळी पीटीनंतर सिक रिपोर्ट. पायाचे फोड, मुरगळलेले घोटे, ताप. मी तपासायची, गरजेपुरतं बोलायची.

ट्रेनिंग सुभेदार भोसले बघत. पाठीवरच्या सामानाच्या पिशवीबाबत, म्हणजे पिठ्ठूबाबत, त्यांचा एकच नियम होता. खांद्यावरचा पट्टा इतका आवळायचा, की खाली बोट शिरू नये. पिठ्ठू हलला की जवान हलला, असं ते म्हणत.

लांबच्या रूट मार्चनंतर दुसऱ्या सकाळी रिक्रूट दत्ता आला. निघोजेचा मुलगा. डावा हात लोंबत होता. मागोमाग सुभेदार साहेब.

"दुखतंय?" मी विचारलं.

"न्हाई मॅडम. दुखत काईच न्हाई. हात वरच जाईना."

"ऐकलंत?" सुभेदार म्हणाले. "दुखत नाही, सूज नाही. बहाणा आहे. दुपारी सीओ साहेबांसमोर पेशी आहे याची."

बहाणेबाज ठरला तर दत्ता घरी जाणार होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

मी तपासायला लागले. बोटं हलत होती, मूठ घट्ट होती. खांदा उचलला जात नव्हता, कोपर वाकत नव्हतं. दंडाच्या बाहेरच्या बाजूला कापूस फिरवला, तो कळत नव्हता. करंगळीला कळत होता. नसांचा हा नकाशा मी पुस्तकात पाहिला होता, जिवंत माणसावर पहिल्यांदाच पाहत होते.

बटालियनचे प्रमुख, म्हणजे सीओ, यांच्यासमोरच्या पेशीला मीही गेले. इतकं सलग मी तोपर्यंत कोणापुढेच बोलले नव्हते. सांगितलं, की मेंदू आणि मणक्यातली मुख्य दोरी म्हणजे हेडक्वार्टर. तिथून नसा निघून हातापायांपर्यंत जातात. काही तंतू हुकूम खाली नेतात, काही खबर वर आणतात. हाताच्या नसा मानेतून निघतात, गळपट्टीच्या हाडामागे एकमेकींत गुंफतात आणि मग हातात उतरतात. पट्टा नेमका तिथे बसतो. त्या जुडग्यातल्या वरच्या नसा दबल्या, म्हणून खांदा आणि कोपर गेलं. खालच्या वाचल्या, म्हणून मूठ शाबूत. दाबाखाली आधी हुकूम आणि स्पर्श नेणारे जाड तंतू बंद पडतात. वेदना नेणारे तंतू बारीक, ते टिकतात. त्यांना इजाच झालेली नाही, म्हणून दुखत नाही.

"पुरावा?" सीओंनी विचारलं.

मी आळीपाळीने दोन्ही कोपरांच्या खोबणीत अंगठा ठेवला आणि अंगठ्यावर हातोडी मारली. उजवा हात झटक्यात उडाला. डावा जागचा हलला नाही. पुन्हा मारली. तेच.

"सर, हा झटका मणक्यातून परस्पर परत येतो. माणसाला विचारत नाही. त्यामुळे तो न येण्याचं सोंग करता येत नाही."

सुभेदार साहेबांनी हातोडी मागितली. दत्ताच्या दोन्ही कोपरांवर स्वतः मारून पाहिली. मग दत्ताच्या खांद्यावरच्या लाल वळावरून बोट फिरवलं.

"पट्टा मीच आवळला होता, सर," ते म्हणाले.

नस तुटलेली नव्हती, फक्त दबलेली होती. अशी नस परत येते. दत्ता रोज एमआय रूमच्या, म्हणजे माझ्या तपासणीच्या खोलीच्या, दारात उभा राहायचा, हात जाईल तितका उचलायचा. सुभेदार साहेब चौकटीवर पेन्सिलीने खूण करायचे. आधी कमरेशी, मग छातीशी.

"मॅडम, आज एवढा," दत्ता ओरडायचा. मी कामं टाकून धावत जायची. शेवटी हात डोक्यावर सरळ ताठ गेला आणि मी त्याला फिट लिहिलं.

पुढे तो उत्तरेत, बर्फात होता. कडा कोसळला तेव्हा त्याने दोराने दोघांना वर ओढलं. तिसऱ्यासाठी खाली उतरला. तो परत आला नाही.

आता मी चाकणला एका कारखान्याच्या दवाखान्यात असते. गेल्या महिन्यात निवृत्त सुभेदार भोसलेंचा फोन आला. एमआय रूमला रंग लागतोय, ते सकाळपासून दाराशी खुर्ची टाकून बसले होते.

"चौकट तशीच ठेवायला लावली, मॅडम," ते म्हणाले. "भिंतही."

दत्ताची शेवटची खूण चौकटीच्या वर, भिंतीवर आहे. त्या दिवशी चौकट कमी पडली होती.