टेबल वर जाईल असा जिना

गल्लीत तिला सगळे मास्तर म्हणत. बाई टेलर आहे म्हणून कुणी कुणी मास्तरीण म्हणून पाहिलं, पण ते जिभेवर बसलं नाही. ताई म्हणणारं माणूस एकच होतं, तिची धाकटी बहीण.

दुकान म्हणजे एक लांबट खोली आणि मागे पडद्याआड राहायची जागा. समोर उंच इमारत उभी राहिल्यापासून तिथे भरदुपारीही दिवा लावावा लागे. काळ्या कापडावरचा काळा दोरा आता मास्तरला दिसत नसे. बोटांनी चाचपत ती टाके घाली आणि मग ते कापड घेऊन रस्त्यावर येई, उजेडात धरून बघे. लोकांना गंमत वाटायची. "मास्तर, कापड वाळत घालताय का?" कुणी विचारलं की ती म्हणे, "नाही, डोळे वाळत घालतेय."

दुकानाच्या मधोमध कापायचं टेबल होतं. एकसंध फळीचं, जाड पायांचं, कुठेही न सुटणारं. ते आत आणताना दाराची चौकट काढावी लागली होती. आई गेली तेव्हा धाकटी एवढीशी होती. ती त्याच टेबलाखाली झोपली, चिंध्यांच्या बाहुल्या करत तिथेच वाढली, त्याच्याच कोपऱ्यावर पाटी-पुस्तक ठेवून शिकली आणि नोकरीला लागली. "ताई, आपण घर बांधलं ना, की वरची पुढची खोली तुझी," टेबलाखालून आवाज यायचा. "मोठ्ठी खिडकी. टेबल खिडकीला लावायचं." मास्तर वर कापड कापत असायची. कात्रीच्या आवाजात तो शब्द पडायचा आणि ती तो कापडाबरोबर घडी घालून ठेवायची.

मंगळवारी दुकान बंद. ज्याचं काम घ्यायचं नाही त्याला मास्तर तोंडावर नाही म्हणत नसे. "मंगळवारी या," म्हणायची. शहाणं गिऱ्हाईक समजून जायचं. न समजणारं मंगळवारी येऊन कडी वाजवायचं, आणि पडद्यामागे दोघी बहिणी तोंडात ओढणी कोंबून हसायच्या.

पुढे धाकटीचं लग्न झालं. नवरा शांत, कामापुरतं बोलणारा. काही वर्षांनी त्यांनी वस्तीच्या कडेला जागा घेतली आणि घराची गोष्ट खरीच निघाली. "खोल्या कशा हव्यात ते ताईच ठरवेल," धाकटी म्हणाली.

ताईनं घर बेतलं. दुसरं काय येत होतं तिला? खाकी कागदावर खडूनं खोल्या आखल्या, कापल्या, टेबलावर एकमेकींना लावून ठेवल्या. सगळं जमलं, जिना जमेना. जिना बाहीसारखा निघाला. कागदावर निमूट पडलेला असतो, अंगावर चढवला की कळतं कुठे ओढतोय ते. तिनं टेबलाचाही छोटा कागद त्याच मापानं कापला. धाकटीनं तो दोन बोटांत धरून कागदाच्या जिन्यावरून वर न्यायला सुरुवात केली. वळणावर तो अडला.

"ताई, अडलं ग!"

"तिरकं धर."

"तिरकंच धरलंय. भिंतीत घुसतंय."

पुन्हा आखणी, पुन्हा कात्री. शेवटी वळणावर पायऱ्यांऐवजी ऐसपैस सपाट लँडिंग दिलं तेव्हा ते कागदी टेबल धाकटीच्या बोटांतून अलगद वर गेलं. "गेलं, गेलं!" ती लहानपणीसारखी ओरडली. मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला नवराही मान वर करून हसला.

मिस्त्रीनं ते खाकी घर पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "मास्तर, भिंती कुठायत?"

"ही काय रेघ."

"रेघेवर स्लॅब टाकू?"

कपड्यात शिवण आत दुमडून जाते, राहायला जागा मागत नाही. भिंत मागते. हे मास्तरच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्या दिवशी सगळे पोट धरून हसले, ती सर्वांत जास्त. मग तिनं भिंतींसकट घर नव्यानं कापलं. सगळ्या खोल्या अंग चोरून बसल्या, पण लँडिंग तिनं तसूभर कमी होऊ दिलं नाही.

"लोक घर बघून टेबल करतात," मिस्त्री म्हणाला, "तुम्ही टेबल बघून घर करताय."

"मग? माप अंगाचं घ्यायचं की सदऱ्याचं?"

पाया भरला, भिंती चढल्या. दर मंगळवारी मास्तर बांधकामावर जाऊन विटांना पाणी मारून यायची. मग शाळेच्या गणवेशांचं काम आलं आणि मंगळवारही मशीनवर जाऊ लागले. "तू कशाला दगदग करतेस?" धाकटी म्हणाली. "मी आहे ना बघायला."

काम उरकून मास्तर बांधकामावर गेली तेव्हा घराला रंगही लागला होता. रस्त्यावरूनच तिला वरची खिडकी दिसली. हवी तेवढी रुंद, टेबलाच्या उंचीला टेकेल अशी. ती क्षणभर तिथेच उभी राहिली. मग आत गेली.

लँडिंग नव्हतं. जिना गर्रकन वळला होता. वळणावरच्या पायऱ्या पाचरीसारख्या, एका टोकाला पाऊल मावणार नाही इतक्या निमुळत्या. वाचलेल्या जागेत खाली भिंतीतलं कपाट होतं.

"हे कुणी बदललं?"

मिस्त्री फरशी पुसत होता. "बाईंनीच सांगितलं. कपाट हवं होतं म्हणे. मी विचारलं हो, वर मोठं सामान न्यायचं नाही ना काही? म्हणाल्या, नाही. पलंग काय, सुटा करून जातो." आणि मग त्याला आठवलं. "तुमचं ते टेबल... सुटं होत असेल ना?"

"होतं," मास्तर म्हणाली. बहिणीची लाज झाकायला तेवढंच कापड हाताशी होतं.

दुसऱ्या दिवशी धाकटी नवऱ्यासह दुकानात आली. मास्तरनं काही विचारायच्या आधीच म्हणाली, "ताई, टेबलाचं लक्षातच राहिलं नाही बघ." हे म्हणताना तिची पर्स त्याच टेबलावर होती, कोपर त्याच टेबलावर.

"चूक होतेच हो," नवरा म्हणाला. "तुम्ही नाही का भिंती विसरलात?"

मास्तरला हसू आलं नाही. "खिडकीतून चढवता येईल," ती म्हणाली. "ग्रिल काढून. दोराला बांधून."

"अगं, आत्ताच रंग झालाय. ओरखडे पडतील." धाकटी पर्सच्या चेनशी खेळू लागली. "आणि तुझं गिऱ्हाईक सगळं इथलं. तिकडे आडबाजूला कोण येणार? इथे तुझं बरं चाललंय की."

एकेक वाक्य खरं होतं.  मास्तर धाकटीच्या बोटांकडे बघत राहिली. ह्याच दोन बोटांनी ते कागदी टेबल वर नेलं होतं. असली गोष्ट लक्षात राहत नाही ती एक ठाऊक नसली तर, नाहीतर नकोशी झाली तर.

धाकटी नव्या घरात राहायला गेली. काही दिवसांनी ती जाड, गडद कापडाचा गठ्ठा घेऊन आली आणि टेबलावर ठेवला.

"पडदे शिवायचेत, ताई. वरच्या खिडकीचे. ऊन इतकं येतं, ह्यांना कामाला बसवत नाही. अस्तर लाव हं, उजेड अजिबात नको."

मास्तरनं कापड बोटांत धरलं. उत्तम होतं. प्रकाशाचा कणही आत येणार नाही असं. तिनं ते पुन्हा नीट घडीवर घातलं आणि गठ्ठा धाकटीकडे सरकवला.

"मंगळवारी ये," ती म्हणाली.

धाकटी सवयीनं खुदकन हसली. मग तिचं हसू तोंडावरच राहिलं. तिनं ताईकडे पाहिलं. ताई हसत नव्हती. ती एका सदऱ्याच्या बाहीला टाचण्या लावत होती, दिव्याजवळ वाकून. धाकटीनं टेबलावरचा हात काढून घेतला, गठ्ठा उचलला आणि पायरी उतरली.

मास्तरनं बाही पुरी केली. मग ती कापड घेऊन रस्त्यावर आली आणि टाके उजेडात धरून बघू लागली.