पाहुण्यांमधल्या बाई

मी सातवीत असताना आमच्या धरणगावच्या शाळेत एक नवीन बाई आल्या. इतक्या तरुण, की पहिल्या दिवशी शिपायाने त्यांना मुलगी समजून प्रार्थनेच्या रांगेत उभं राहायला सांगितलं. हे त्यांनीच आम्हाला हसत हसत सांगितलं होतं. आमच्याच गल्लीत खोली घेऊन त्या एकट्या राहत. संध्याकाळी आम्हा चार-पाच मुलींना ओट्यावर बसवून शिकवत आणि उठता उठता हमखास म्हणत, "शिकलेल्या मुलीला कुणापुढे मान खाली घालावी लागत नाही. लक्षात ठेवा."

दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी कदाचित विसरले असते. पण बाई सायकलवर बसून बाजारात जात, हेडमास्तरांशी बरोबरीने बोलत. त्यांच्याकडे पाहिलं की ते खरंच वाटायचं. पुढे त्यांचं लग्न झालं आणि त्या धुळ्याला गेल्या. मी वडिलांशी भांडून जळगावला कॉलेजात गेले. भांडताना बाईंचंच वाक्य फेकलं होतं. वडील जिनिंग फॅक्टरीत कारकून. वाक्यांपुढे ते नमत.

बी.एस्सी. होऊन परतले तेव्हा नोकरी कुठेच नव्हती, पाहुणे मात्र सुरू झाले. एकाला रंग पसंत पडला नाही, दुसऱ्याला पत्रिका. मग धुळ्याचं स्थळ आलं. मुलगा बँकेत, घर स्वतःचं. शेजारून खुर्च्या आणल्या, आईने चिवडा केला, मी तिचं ठेवणीतलं लुगडं नको म्हणून मावशीची साडी नेसले. चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले आणि खाली बघत एकेक कप पुढे केला. शेवटचा कप घेणारा हात मी ओळखला. उजव्या अंगठ्याजवळ भाजल्याचा डाग होता. ओट्यावर खडू धरलेला तो हात मी दोन वर्षं पाहिला होता.

बाई! डोक्यावर पदर, आणि बाकी सगळे खुर्च्यांवर असताना त्या भिंतीशी सतरंजीवर. मुलाच्या त्या चुलती होत्या.

क्षणभर मला इतका आनंद झाला की आता त्याचीच लाज वाटते. वाटलं, आता कुणी काही वेडंवाकडं विचारणार नाही. बाई आहेत ना.

मुलाची आई म्हणाली, "धाकट्या जाऊबाई, ही तुमच्या शाळेतली ना? विचारा की काही."

बाईंनी घसा साफ केला. "स्वयंपाक येतो का?"

"हो," मी म्हणाले.

"आणि शिवण?"

"थोडंफार."

मग मुलाच्या आईने मला दारापर्यंत चालून दाखवायला सांगितलं. मी चालले. वडील छताच्या पंख्याकडे बघत होते. तरी तिचं समाधान झालं नाही. "उंचीचा अंदाज येत नाही. जाऊबाई, तुम्ही उभ्या राहा बरं हिच्याजवळ." बाई उठल्या. आम्ही खांद्याला खांदा लावून उभ्या राहिलो, घरातले दोन खांब मोजावेत तशा. माझी हनुवटी छातीशी टेकली होती. बाई हळूच म्हणाल्या, "मान वर कर. कळत नाहीये त्यांना."

मी मान वर केली. समोर आठ माणसं आमच्याकडे बघत होती. मला माझी लाज वाटायला हवी होती. वाटली ती बाईंची. आणि त्यांची लाज वाटली म्हणून पुन्हा स्वतःची.

थोड्या वेळाने बाई पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात आल्या. आई पोळ्यांची कणीक मळत होती. मी चुलीकडे पाठ करून उभी राहिले.

"बाई, तुम्ही कुठल्या शाळेत असता आता?" विचारायचं म्हणून विचारलं.

"सोडली. घरात पटलं नाही कुणाला."

मला राग आवरला नाही. "मग आम्हाला ते सगळं कशाला सांगायचात?"

त्यांनी तांब्या खाली ठेवला. "मला तेव्हा खरं वाटायचं गं. तुझ्याएवढीच तर होते."

हे मला कधी सुचलंच नव्हतं. ज्यांच्या शब्दावर मी घरात भांडण केलं त्या बाईंनाही पुढचं काही ठाऊक नव्हतं. ओट्यावर सांगणारी आणि ऐकणारी, दोघी पोरीच.

मग त्या आईकडे वळल्या. "वहिनी, हे स्थळ करू नका. होकार येईल बहुतेक, पण देऊ नका हिला. आणि मी बोलले ते बाहेर जाऊ देऊ नका." एवढं बोलून त्यांनी पदर नीट केला आणि बाहेर जाऊन पुन्हा सतरंजीवर बसल्या.

आठवड्याने होकार आलाच. वडिलांचा चेहरा उजळला. आई म्हणाली, "माले ते घर पसंत नही."

"त्यामा काय वाईट शे?" वडिलांनी विचारलं. आईने कारण सांगितलं नाही. मग ते चिडले, नातेवाईक चिडले. मामा येऊन म्हणाले, हिला पोर घरात ठेवायची आहे. आई सगळं ऐकून घेई आणि तेच वाक्य परत म्हणे. मी त्यावेळी तोंड उघडू शकत होते. बी.एस्सी. होते. पण बोलले असते तर बाईंचं नाव आलं असतं, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे मला बोलताच आलं नाही. जिला अक्षरओळख नव्हती ती माझ्या वतीने उभी राहिली.

पुढे मला जळगावला शिक्षिकेची नोकरी मिळाली, लग्नही झालं. संसार ठीक आहे. कधी मान वर, कधी खाली.

नव्वदच्या पुढे कधीतरी एका प्रशिक्षणासाठी धुळ्याला गेले होते. एसटी स्टँडवर बाई दिसल्या. त्यांच्याबरोबर पंचविशीची एक तरुणी होती, कडेवर मूल. दोघी कशावरून तरी हसत होत्या. मला पाहताच बाईंनी हात धरला आणि तिला म्हणाल्या, "ही माझी विद्यार्थिनी. शिक्षिका आहे जळगावला."

"काकू तुमच्याबद्दल सारख्या सांगतात," ती म्हणाली. मग बाईंनी ओळख करून दिली, "आमची सूनबाई. पुतण्याची बायको."

मी तिच्याकडे पाहिलं. मनगटावर काचेच्या बांगड्या, डोळ्यांखाली काळं. तिने पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि मला विचारलं, "ताई, माझं बारावीपर्यंत झालंय. आता पुढे काही करता येईल का हो?"

बाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांचे आभार मानायचे कित्येक वर्षं मनात होतं. पण जिच्या वाट्याला माझं स्थळ गेलं, तिच्यासमोर ते कोणत्या तोंडाने मानणार? मी तिला बाहेरून परीक्षा देता येते एवढं सांगितलं. फॉर्म कुठे मिळतो तेही सांगितलं. तेवढ्यात जळगावची गाडी लागली, आणि जागा मिळायला हवी म्हणून मी धावत सुटले.