खालच्या मजल्याचं भाडं

काकांचा मेसेज आला तेव्हा मी बसमध्ये होतो. 'पुढच्या महिन्यापासून भाडं साडेनऊशेऐवजी साडेबाराशे पौंड. खालीही कळवलं आहे. गणपतीला दोघं नक्की या.' सगळं एकाच दमात.

काका म्हणजे आमचे घरमालक. रक्ताचं नातं नाही. इंग्लंडमध्ये, लेस्टरच्या हॉस्पिटलात आयुष्य काढून रिटायर झालेले डॉक्टर, इथल्या मराठी मंडळात सगळेच त्यांना काका म्हणतात. त्यांच्या भाड्याने दिलेल्या दुमजली घरात वर आम्ही नवराबायको, खाली सांगलीकडच्या एक नर्सबाई आणि त्यांची पंधरा वर्षांची मुलगी.

त्याच संध्याकाळी बाई फोन हातात घेऊन वर आल्या.

"दादा, असं नुसतं व्हॉट्सअ‍ॅपवर भाडं वाढवता येत नाही वो. रीतसर नोटीस लागते. आणि फारच वाटलं तर भाड्याचा निवाडा करणाऱ्या ट्रायब्युनलकडं जाता येतं. आमच्या वॉर्डातल्या एकीनं केलंय."

"काकांना ट्रायब्युनल?" माझ्या बायकोने कपाळाला हात लावला.

"काकांवर नाही हो वहिनी, भाड्यावर!" त्या हसल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "एकटीनं लिहिलं तर मी भांडखोर ठरते. दोघांनी सही केली तर त्यांना विचार करावा लागेल. मेमध्ये पोरीची जीसीएसई आहे, इकडची दहावी. तेवढं वर्ष शाळेजवळ निघू दे, मग कुठंबी जाईन."

आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून पत्र लिहिलं. इंग्रजी माझं. त्यांनी सही केली आणि कागद माझ्यापुढे सरकवला. मी म्हणालो, "मी सही करून देतो काकांना. पण गणपती होऊ देत. सणाच्या तोंडावर बरं दिसत नाही." त्यांना ते पटलं. आपल्यातल्या कुणालाही पटलं असतं.

गणपतीच्या दिवशी बाईंची ड्यूटी होती. आम्ही दोघं काकांच्या घरी गेलो. पत्र माझ्या कुर्त्याच्या खिशात होतं, का नेलं होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. आरती झाल्यावर मी ताटली घेऊन काकांच्या मागोमाग मागच्या काचेच्या खोलीत गेलो आणि म्हणालो, "काका, आमचं जरा बघा ना. आपण घरातलेच."

काका म्हणाले, "अरे, माझाही मॉर्गेजचा हप्ता वाढलाय. पण तू कधी काही मागत नाहीस. तुझं हजारावर ठेवू या." आणि जरा थांबून, "पण मग खालीही तेच मागतील."

इथे मी गप्प बसू शकलो असतो. मी म्हणालो, "त्यांचं तसं बरं चाललंय. हल्ली आठवड्याला दोन-तीन जादा शिफ्ट करतात."

"हो का?" काका म्हणाले आणि माझ्या ताटलीत आणखी एक मोदक ठेवला. तो मी खाल्ला.

घरी आल्यावर बाईंना सांगितलं की काकांचा मूड बरा नाही, पत्राने उलट बिघडेल. माझं काय ठरलं ते सांगितलं नाही. आठवड्याभरात त्यांना रीतसर नोटीस आली, अगदी कायद्याप्रमाणे. ट्रायब्युनलची वाट तेव्हाही मोकळी होती. "एकटीनं नको वाटतं," एवढंच त्या म्हणाल्या, आणि दिवाळीच्या आत शहराच्या दुसऱ्या टोकाला एक फ्लॅट पाहून आल्या. तिथून शाळेला दोन बस.

सामान हलवायच्या दिवशी मी खोकी उचलायला गेलो. रिकाम्या स्वयंपाकघरात शेवटी तोंड उघडलं. "ते जादा शिफ्टचं... काकांना मी बोललो होतो."

त्या खोक्याला टेप लावत होत्या. "माहीत आहे. काकाच म्हणाले, वरचे सांगतात तुला परवडतं."

"मग तुम्ही मला काही विचारलं का नाही?"

"काय विचारायचं, दादा? त्या शिफ्टा पोरीच्या ट्यूशनसाठी होत्या. तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं." टेप दाताने तोडून त्यांनी खोकं माझ्याकडे ढकललं. मग जरा अवघडून म्हणाल्या, "एक काम होतं. बुधवारी शाळेत तिचा जादा क्लास असतो, नंतर तासभर बस नाही. तेवढा वेळ तुमच्याकडं बसली तर चालंल?"

त्यांनी रागावून दार आपटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. या भागात विचारायला त्यांना दुसरं कुणी नव्हतं.

तेव्हापासून दर बुधवारी मुलगी येते. बूट दारात नीट जोडून ठेवते, टेबलाच्या कडेला बसून गणितं सोडवते. "काकू, चहा छान झाला," म्हणते. बायको तिला पोहे करून देते. मी समोर पेपर धरून बसतो. एकच गोष्ट तिला अजून जमलेली नाही. हीटिंग कितीही चालू असलं तरी ती अंगातला कोट काढत नाही.

"काढ ना तो, उकडेल," मी म्हणतो.

"नको काका, बस येईलच आता."

बस यायला अजून चाळीस मिनिटं असतात.